ईस्ट्रोजेन चिकटतच नसेल, तर ईआरआर-अल्फा (ईस्ट्रोजेन रिलेटेड रिसेप्टर अल्फा) हा ऑर्फन रिसेप्टर, म्हणजे ज्याला जोडला जाणारा रेणू ठाऊक नाही असं ग्राहक प्रथिन, जनुकं चालू कशी करतो?

हार्मोनची वाट न पाहता करतो: त्याची घडण मुळातच 'चालू' स्थितीतली असते, आणि पीजीसी-१-अल्फा हे सहायक प्रथिन येऊन जोडलं गेलं की ट्रान्सक्रिप्शन (जनुकावरून आरएनए बनणं) वेग घेतं. लिगंडसाठीची, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या रेणूसाठीची, त्याची खोबण त्याच्याच अमिनो आम्लांनी बरीचशी भरलेली असते. डीएनएवर तो टीसीएएजीजीटीसीए हा क्रम ओळखून बसतो आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) व मेदाम्लांच्या ज्वलनाच्या जनुकांचं काम वाढवतो. म्हणजे खरी कळ पीजीसी-१-अल्फाच्या हाती. व्यायाम, उपास, थंडी यांनी ते वाढतं. मिरकरवाडा बंदरात पहाटे जाळं ओढणाऱ्या खलाशाच्या स्नायूंत हेच घडत असतं. रत्नागिरीत मी पदवीच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि या मुद्द्यावर हमखास गोंधळ होतो, कारण नावातच 'ईस्ट्रोजेन रिलेटेड' आहे. १९८८ साली तो सापडला तो ईस्ट्रोजेन रिसेप्टरशी असलेल्या साम्यामुळे. नाव तिथूनच चिकटलं. हे जनुक काढून टाकलेले उंदीर चरबीयुक्त खाण्यावरही फारसे लठ्ठ होत नाहीत, पण थंडीत शरीराचं तापमान टिकवू शकत नाहीत. परीक्षेत हे उदाहरण जरूर लिहा. फक्त 'ऑर्फन' हा शब्द कायमचा समजू नका: २०१६ साली कोलेस्टेरॉल हा त्याचा लिगंड असल्याचं मांडलं गेलं आहे.