मोरी साफ केली, तरी पाणी रस्त्यावर का?

प्रश्न : आमच्या वाडीच्या तोंडाशी वहाळावर (ओढ्यावर) रस्त्याखालून नळाची मोरी आहे. दरवर्षी मे महिन्यात जेसीबी लावून ती साफ केली जाते. तरीही पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून वाहते आणि घरांच्या खळ्यात शिरते. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवावी, असे काही ग्रामस्थांचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : जाळी बसवू नये. बारीक जाळीत पालापाचोळा, झावळ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून नळ आतून मोकळा असतानाही तोंड बंद होते, आणि भर पावसात ती मोकळी करण्यासाठी कोणाला तरी पाण्यात उतरावे लागते, जे जिवावर बेतू शकते.

खरी अडचण बहुधा सफाईच्या पद्धतीत आहे. जेसीबीचे बकेट नळाच्या तोंडापाशीच थांबते. आतला गाळ तसाच राहतो. गोल नळ निम्म्यापर्यंत गाळाने भरला, तर त्यातून जाणारे पाणी निम्मे होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात वाट अरुंद होऊन घर्षणही वाढत असल्याने ढोबळ हिशेबाने ते एक तृतीयांशाच्या आसपास येते. म्हणून आतला गाळ कोरड्या दिवसांत माणसे लावून, फावड्या-घमेल्यांनी पूर्ण काढावा लागतो आणि आत माणूस असताना बाहेर दुसरा उभा असावा लागतो. उपसलेला गाळ वहाळाच्या काठावरच ढीग घालून ठेवण्याची आपल्याकडची सवय तर अनाकलनीय आहे, कारण जूनमधल्या पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा जागेवर येतो.

मोरीच्या खालच्या बाजूकडे, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या तोंडाकडे, मात्र फारसे कोणी पाहत नाही. तेथे वहाळात झुडपे माजली असतील, भराव पडला असेल किंवा कोणी गडगा (दगडी कुंपण) पुढे सरकवला असेल, तर पाणी मागे तुंबते आणि वरचे तोंड कितीही स्वच्छ असले तरी उपयोग होत नाही. याउलट पाणी जोराने पडून तेथे खड्डा झाला असेल, तर तळाची फरसबंदी उखडते, नळांचे सांधे उघडतात आणि भरावातली माती वाहून जाऊ लागते. डांबरावर मोरीच्या नेमक्या वर खचलेला पट्टा दिसला, तर वाहने थांबवून तातडीने कळवावे. मे अखेरच्या सफाईनंतर पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एक फेरी मारावी. वर्षभराचा पाचोळा याच पाण्याबरोबर उतरतो.

प्रश्न : मोरीची जबाबदारी ग्रामपंचायतीची की सरकारी बांधकाम खात्याची?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रस्त्याच्या वर्गावरून ते ठरते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. अर्जात रस्त्याचे नाव, किलोमीटर दगडापासूनचे अंतर आणि दोन्ही तोंडांची छायाचित्रे द्यावीत. घराच्या फाटकासमोर गटारात स्वतः टाकलेल्या बारीक नळाची सफाई मात्र ज्याने तो टाकला त्यानेच करावी. रस्त्याकडेचे पाणी पुष्कळदा तिथेच अडते.