चित्राची रचना: तुमचे काही प्रश्न

फुलदाणी, फळं, कापड, प्रत्येक गोष्ट नीट जमते पण पूर्ण चित्र विस्कळीत वाटतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा सगळ्याच वस्तूंना सारखं महत्त्व दिलेलं असतं, तेवढेच डिटेल्स, तेवढाच उजेड, सगळ्या कडा सारख्या धारदार, मग नजर बिचारी थांबणार कुठे? गडद आणि उजळ जिथे एकदम शेजारी येतात तिथे नजर आधी जाते. म्हणून चित्र नक्की कशाचं आहे ते ठरवा, सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट तिथे ठेवा आणि बाकीच्या कडा मऊ करा. आणि माझा आग्रहच आहे की रंगाला हात लावायच्या आधी काडेपेटीएवढी चार-पाच थंबनेल्स, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढा, फक्त पांढरा, करडा, काळा, डिटेल अजिबात नको. एवढ्याशा चौकोनात रचना उभी राहत नसेल तर मोठ्या कॅनव्हासवर कितीही छान रंग लावा, ती उभी राहत नाही.

मेन वस्तू मधोमध ठेवायचीच नाही का? रूल ऑफ थर्ड्स सगळे सांगतात, म्हणजे चित्राचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि मेन वस्तू त्या रेषांवर ठेवायची.

ठेवा की! रूल ऑफ थर्ड्स हे नाव १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरलं, सगळ्या चित्रांना लागू होणारा कायदा नाहीये तो. लिओनार्दोच्या 'द लास्ट सपर'मध्ये येशू बरोबर मध्ये आहे आणि छताच्या, भिंतींच्या रेषासुद्धा त्याच्या डोक्याकडेच धावतात. मधोमध ठेवल्याने चित्राला स्थिरपणा येतो, हालचाल हवी असेल तर बाजूला सरकवा.

मोकळी जागा राहिली की चित्र अपूर्ण वाटतं, मग मी काहीतरी भरते.

नका भरू, प्लीज. डच चित्रकार व्हर्मीरच्या 'द मिल्कमेड'चं, म्हणजे दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राचं, स्कॅनिंग केलं तेव्हा, २०२२ मध्ये हे जाहीर झालं, बाईच्या डोक्यामागे मडकी अडकवायची फळी सापडली, म्हणजे त्याने ती आधी रंगवायला घेतली आणि मग स्वतःच रंगाखाली झाकून टाकली! आता तिथे नुसती उजळ भिंत आहे आणि बाई आणि ती दुधाची धार कशी उठून दिसते बघा. जपानी चित्रकार होकुसाईच्या मोठ्या लाटेच्या प्रसिद्ध चित्रातही तेच, लाटेखालच्या मोकळ्या आकाशामुळेच लांबचा इवलासा फुजी पर्वत दिसतो.

रंग भडक वापरते तरी चित्र सपाट का दिसतं?

मोबाईलवर चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्यात मिसळून गेले तर प्रॉब्लेम टोनचा, म्हणजे गडद-उजळपणाचा आहे, रंगाचा नाही, त्यातला एक चांगला गडद करा आणि परत फोटो काढून बघा.