वाचक विचारतात : घाटघर, नाणेघाट आणि आसपास

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत. त्यात ६८ वर्षांची आई आणि दहा वर्षांचा मुलगा. शनिवार-रविवार घाटघरला राहून नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, कुकडेश्वर आणि जमल्यास शिवनेरी, लेण्याद्री असं सगळं करायचं आहे. कसं बसवावं? (कोथरूड)

बसणार नाही. यातली निम्मी नावं आत्ताच खोडा. शिवनेरी आणि लेण्याद्री जुन्नरच्या अगदी जवळ आहेत, त्यासाठी घाटघरला मुक्काम कशाला? ती वेगळी सहल. चावंड आणि हडसर हे दोन्ही प्रत्येकी अर्ध्या दिवसाचे गड, तेही पुढच्या खेपेला ठेवा. उरतात कुकडेश्वर, नाणेघाट आणि जीवधन. दोन दिवसांना एवढं भरपूर आहे.

पुण्याहून जुन्नर साधारण ९५ किलोमीटर, पुढे घाटघर तीसेक. खरी अडचण अंतराची नाही, चाकणची आहे. पहाटे साडेपाचला घर सोडलंत तर चाकण-राजगुरुनगर मोकळं मिळतं. आठला निघालात तर तिथेच तास जातो. जुन्नरला पेट्रोल भरा आणि रोख पैसे काढा, त्यात पन्नास-शंभरच्या नोटा जास्त. पुढे नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे मोबाइलवरून पैसे देणं ऐनवेळी अडतं.

आपटाळ्यावरून पुढे पूर गावात कुकडेश्वराचं कोरीव दगडी मंदिर लागतं. कुकडी नदीचा उगम इथलाच. नदीच्या उगमाशी शंकराचं देऊळ बांधणाऱ्या झंज राजाचं नाव याही देवळाशी जोडलं जातं. चालणं जवळजवळ नाही, त्यामुळे आईंना हे ठिकाण निवांत पाहता येईल. तासभर द्या.

घाटघरला जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, शाकाहारी किती हे नक्की सांगा. किराणा आणि भाजी जुन्नरहून येते. आयत्या वेळी दोन माणसं वाढली की पंचाईत घरच्या बाईची होते. जेवणाचे आणि राहण्याचे पैसे आधीच ठरवून घ्या. संकोचाने न बोललेलं नंतर दोघांनाही खटकतं.

जेवून तीनच्या सुमाराला नाणेघाट. वर, घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. घाटातून जाणाऱ्यांची जकात त्यात टाकत असं सांगतात. आईंनी इथपर्यंत यावं. लेणं खिंडीतून थोडं खाली आहे आणि वाटेचे दगड मोठे, झिजलेले, ओलाव्यात घसरडे आहेत. गुडघे दुखत असतील तर हा उतार टाळलेलाच बरा.

लेण्यात मात्र घाई करू नका. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) नोंद आहे. दानाच्या संख्या अंकांत लिहिल्यामुळे अंकांच्या इतिहासात हा लेख फार महत्त्वाचा मानतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. ते गेले, वर कोरलेली नावं उरली. टॉर्च समोरून मारलात तर भिंत सपाट दिसते. झोत भिंतीलगत बाजूने टाका, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. अक्षरांवर खडू किंवा पीठ घासू नका. बाहेर माकडं आहेत, खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

रविवारी जीवधन, पण फक्त धडधाकट मोठ्यांनी. घाटघरकडून जुन्नर दरवाज्याने चढा. नाणेघाटाच्या बाजूची कल्याण दरवाज्याची वाट जास्त अवघड आहे. १८१८नंतर इंग्रजांनी गडाच्या वाटा उडवल्या. म्हणूनच वरच्या टप्प्यात पायऱ्या मधेच तुटतात आणि कातळावर हातपाय लावून चढावं लागतं. चढताना हे सोपं वाटतं, उतरताना पाऊल कुठे टाकायचं ते दिसत नाही आणि माणूस तिथेच अडकतो. गावातला वाटाड्या आणि दोर सोबत हवाच. माणशी तीन लिटर पाणी घ्या, गडावरच्या टाक्यांचं पाणी न गाळता-उकळता पिऊ नका. साडेसहाला निघालात तर धान्यकोठी आणि पलीकडचा वानरलिंगी सुळका पाहून अकरापर्यंत खाली येता. कड्यांवर आग्या मोहोळं असतात: धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको.

जेवून दीडला परत फिरा. चारनंतर सगळं पुणं त्याच रस्त्यावर असतं.

प्रश्न : पावसाळ्यात नाणेघाटचा उलटा धबधबा बघायला गेलो, पण पाणी सरळ खालीच पडत होतं. काय चुकलं? (पिंपळे सौदागर)

तुमचं काही नाही, वाऱ्याचं गणित. पश्चिमेचा वारा उभ्या कड्यावर आदळून वर वळतो आणि पडणारी बारीक धार परत फेकतो. वारा पडला तर पाणी सरळ खाली. मुसळधार पावसाने ओहोळ फुगला तरी तेच. इतकं पाणी वाऱ्याला पेलत नाही. जोराचा वारा आणि बेताचं पाणी हे दोन्ही हवं. धुकं असेल तर मग काहीच दिसत नाही, तास-दोन तास थांबण्याची तयारी ठेवा. छत्री नेऊ नका, रेनकोट न्या. कड्यापासून दहा-पंधरा फूट मागेच राहा, कारण वाऱ्याचा झोत थांबतो तेव्हा त्यावर रेललेल्या माणसाचा तोल पुढे जातो. निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश आहे का तेही बघून घ्या.

प्रश्न : गाडी नाही. एसटीने जमेल? (हडपसर)

जमेल. शिवाजीनगरच्या एसटी सध्या वाकडेवाडीहून सुटतात. तिथून जुन्नर, नाहीतर नारायणगावला उतरून जुन्नर. पुढे घाटघरकडच्या गाड्या मोजक्या, म्हणून जुन्नर स्थानकावर उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर दोन गोष्टी विचारा: आजची शेवटची गाडी किती वाजता, आणि उद्या सकाळी परतीची आहे का. गाडी चुकलीच तर जीप ठरवावी लागते, पण अंधार पडायच्या आत.

प्रश्न : गावातल्या मुलांसाठी जुने कपडे, चॉकलेट न्यावं का? (सहकारनगर)

नको. मुलांना गाड्यांमागे पळायची सवय लागते. त्यापेक्षा गावात जेवा, वाटाड्या घ्या, तांदूळ किंवा मध विकत घ्या. भाव घासू नका.

या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात आणि हिरडा ही कमाईची दोन मोठी साधनं. अंगणात वाळत घातलेला काळा हिरडा कचरा समजून तुडवला जातो किंवा त्यावर गाडी लावली जाते. तो विकायचा माल असतो. झाडावरचा हिरडाही तोडू नका, झाड कुणाचं तरी असतं. जुलैत लावणी चालू असताना खाचरांच्या बांधावर फोटोसाठी उभं राहू नका. ओला बांध खचला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि लावणीत आधीच हात कमी असताना बांध पुन्हा घालावा लागतो. त्या दिवसांत घरातले सगळे शेतावर असतात, तेव्हा जेवण दोनच्या आधी मागू नका.