बाबांबद्दल लिहायला काहीच सुचत नाही

चाळिशी-पन्नाशीतली मुलं ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी वारंवार येतात. वडील गेलेले असतात. गिरणीत, रेल्वेत, बेस्टमध्ये, नाहीतर बांधकामावर त्यांचा जन्म गेलेला असतो. चार शब्द बोलायची, लिहायची वेळ आली की हात थांबतो. मग हळूच प्रश्न येतो, "आमचं प्रेमच नव्हतं का, मॅडम?"

मुलुंडचा समीर (नाव, तपशील बदलले आहेत) असाच आला. वडील बांधकाम कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची, अशी आईची इच्छा. त्याने लिहून आणलं होतं: कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल.

"कुटुंबवत्सल म्हणजे काय करायचे ते?"

बऱ्याच वेळाने म्हणाला, "पगार आईच्या हातात द्यायचे."

"आणखी?"

"आणखी काय, साइटवर असायचे. मे महिन्यात आम्ही गावी जायचो, तेव्हाही आले नाहीत. एकदाही नाही."

विशेषणांपाशी गाडी अडली की मी साक्षीदार शोधायला सांगते, तेही घराबाहेरचे. वडिलांच्या हाताखालचे एक मुकादम कल्याणला राहतात, त्यांना तो भेटून आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ५५ उड्डाणपुलांची योजना निघाली, त्यातल्या दोन पुलांवर दोघे एकत्र होते. मुकादमांनी त्याला समजावलं की स्लॅब भरायला घेतला की मध्येच थांबता येत नाही. आधीचं काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यावर नवं ओतलं तर तिथे सांधा राहतो, पुढे तिथूनच पाणी झिरपतं. म्हणून भरणं संपेपर्यंत साहेब हलायचे नाहीत, मग पहाट होवो. आणि मे? जूनमध्ये पाऊस येणार, त्याआधी जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. मुलांची सुट्टी तीच साइटची सगळ्यात मोठी धावपळ.

मला वाटलं, हे ऐकून त्याला हलकं वाटलं असेल. पण तो धुमसत होता.

"ते म्हणाले, साहेब नकला काय झकास करायचे! ठेकेदाराची, कन्सल्टंटची. सगळे पोट धरून हसायचे."

"बरं."

"बरं काय, मॅडम? नकला तिकडे, आणि आम्हाला फक्त 'अभ्यास झाला का?' तो माणूस आम्हाला का नाही मिळाला?"

आवाज चढला, फाटला आणि तो रडायला लागला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

इथे घरचे लोक घाई करतात. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही. त्याचं रडं ओसरू दिलं आणि म्हटलं, "हेही लिहा." जे मिळालं नाही त्याचंही दुःख असतं, आणि तेच आधी बाहेर यावं लागतं. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ साली मांडलं की गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घ्यायचं असतं. १९९६ मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजू पुढे आणली: नातं चालूच राहतं, त्याचं रूप बदलतं. मी या दुसऱ्या बाजूची. आणि चालू नात्यात भांडणाला जागा लागतेच. माझ्याकडचे अनुभव तरी हेच सांगतात, हे मी थोड्या अभिमानाने नोंदवते.

कारण त्याच तासात आठवणी यायला लागल्या. कुणाच्याही नव्या घरी गेले की बाबा नाण्याने टाइल वाजवून बघायचे आणि पोकळ लागली तर यजमानांच्या तोंडावर सांगायचे. लग्नाच्या हॉलमध्ये जेवता जेवता वर बीमकडे बघत बसायचे. समीरला लाज वाटायची. आता सांगताना हसत होता.

तुमचंही असंच अडलं असेल तर गुण लिहू नका. ते काय करायचे, कुठे बसायचे, कशावर चिडायचे ते लिहा. सहकाऱ्यांना विचारा, चहावाल्याला विचारा. तक्रार वगळू नका. घरच्यांना नको असेल तर छापू नका, पण लिहा. आणि एकट्याने लिहू नका, कारण एकाच घरातल्या दोन मुलांचे वडील वेगळे असतात.

समीरने मजकूर धाकट्या बहिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "नकला? माझ्यासमोर करायचे की! तू क्लासला असायचास."

पुढच्या भेटीत तो तणतणतच आला. "आता हिच्यावर पण रागवू का?"

"रागवा," मी म्हटलं, "पण आधी तिच्याकडून नकला उतरवून घ्या."