धाडस आधी की बोलणं आधी?

"मॅडम, घरी पोरगी लई बोलती, पण क्लासमध्ये तोंडच उघडंना. आता तर जायचंच नाही म्हणायली." लातूरला अकरावी सायन्सला मुलं ठेवलेल्या पालकांकडून हे मी सतत ऐकते. त्यांतलीच ही एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

निलंगा तालुक्यातलं खेडं, दहावीपर्यंत मराठी माध्यम, वर्गात पहिली. लातुरात सगळं इंग्रजीतून. एकदा सरांनी उतारा वाचायला उभं केलं. 'एम्बोल्डन्ड' या शब्दाशी ती अडखळली आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. तेव्हापासून तिनं हात वर केला नव्हता. तिची केमिस्ट्रीची वही मी पाहिली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात शंका लिहिलेल्या, 'मोल म्हणजे नग की वजन?' अशा, आणि कितीतरी खोडरबरानं पुसलेल्या. नेमक्या, विचार करून काढलेल्या शंका होत्या. हे मी तिला तिथंच सांगितलं.

वडील म्हणाले, "आधी तिला धाडस येऊ द्या, मग बोलंल." बहुतेक घरांत गाडी इथंच अडते. भीतीपोटी गोष्ट टाळली की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुढच्या वेळीही टाळली जाते आणि भीती मुरत जाते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास सगळ्यांत पक्का येतो तो स्वतः करून जमल्यानं. आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणं, कुणी धीर देणं, छातीतली धडधड आवरणं यांचीही मदत होते; पण नुसती शाबासकी फार टिकत नाही.

"त्या 'एम्बोल्डन्ड'चा अर्थ तरी काय?" तिनं विचारलं. म्हटलं, कशामुळे तरी ज्याची भीड चेपली, तो. कशामुळे, ते इंग्रजीत बहुधा पुढं 'बाय' (by) लावून सांगतात: पहिला सामना जिंकल्यामुळे, मैत्रिणीच्या साथीमुळे. वाईट अर्थानंही चालतो. पहिली चोरी पचल्यानं शेफारलेला चोर.

"मग माझ्या 'बाय'च्या पुढं काय लिहू?"

तेच आम्ही ठरवायला बसलो. आधी शंका चिठ्ठीवर लिहून क्लास सुटल्यावर सरांना द्यायची. मग तोंडी, पण सर एकटे असताना. मग रूममेटला शेजारी घेऊन पहिल्या बाकावरून, पाठ केलेला एकच प्रश्न. तोंड कोरडं पडणारच, तरी उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं. मराठीत विचारलं तरी चालेल, हे सरांनी आनंदानं मान्य केलं. दुसरी पायरी एकदा फसली. सरांभोवती गर्दी होती, ती तशीच परतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायरी. दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं भर वर्गात मोलचा प्रश्न विचारला. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, मला पण तेच कळंना गेलतं."

आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, "त्यात काय घाबरायचं?" असं म्हणू नका. आज कोणती पायरी झाली, एवढंच विचारा. पण झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको अशी भाषा आली, तर पायऱ्या मोजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.