जीएफपी मागच्या टोकाला लाव रे भाऊ

हे बघ भाऊ, जळगावातून एमएस्सी करून थेट न्यूरॉनच्या कॅल्शियम सेन्सरवर (चेतापेशीतलं कॅल्शियम ओळखणाऱ्या प्रोटीनवर) काम करायचं म्हणतोस ना, मग जीएफपी टॅग (प्रोटीन पेशीत कुठे आहे ते दाखवणारी हिरवी चमकणारी खूण) प्रोटीनच्या सी टोकालाच, म्हणजे मागच्या टोकालाच लाव, पुढे लावलास की दुसऱ्या नंबरच्या ग्लायसिन या अमिनो आम्लावर 14 कार्बनचं मिरिस्टेट (प्रोटीनला मेंब्रेनला, म्हणजे पेशीतल्या पडद्याला चिकटवणारी चरबीची शेपटी) बसतच नाही अन् प्रोटीन पेशीभर पसरलेलं दिसतं, मग बस डोकं धरून. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीच्या मिरिस्टेट न बसणाऱ्या प्रोटीनमध्ये, ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलनिन टाक.

अन् सगळे सेन्सर सारखे समजू नको. रिकव्हरिन, हिप्पोकॅल्सिन हे सेन्सर मिरिस्टेट आत दडवून ठेवतात, कॅल्शियम वाढलं की बाहेर काढून मेंब्रेनला चिकटतात, पण एनसीएस-1 हे सेन्सर प्रोटीन कॅल्शियम कमी असतानाही गोल्जीवर (पेशीतली प्रोटीन पॅक करून पाठवणाऱ्या भागावर) ठाण मांडून असतं. म्हणून मिरिस्टेटशेजारची अमिनो आम्लंही बघ, कुठल्या मेंब्रेनवर जायचं ते त्यांच्यावरही असतं. आणि हो, मे महिन्यात आपल्याकडे लाईट जाते, इन्क्युबेटरला बॅकअप आहे का ते आधी विचार!