जुलाब आणि घरात उरलेलं सिरप

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या चौदा महिन्यांच्या नातवाला पाण्यासारखे जुलाब लागले. थोरल्या नातीचं अँटिबायोटिक सिरप अर्धी बाटली उरलं होतं. मेडिकलवालाही म्हणाला, तेच द्या. सून देऊ देईना, नुसतं ओआरएस पाजत बसली. पोर बरं झालं, पण पुन्हा असं झालं तर नुसत्या पाण्यावर कसं भागणार? — एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, सुनेनं केलं ते अगदी बरोबर केलं. या वयात असे जुलाब बहुतेकदा विषाणूंमुळे होतात, त्यात रोटाव्हायरस पुढे. अँटिबायोटिक त्यांचं काहीच वाकडं करू शकत नाही. उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि कधी कधी त्यानंच जुलाब वाढतात. शी काही दिवसांत आपसूक घट्ट होते, श्रेय मात्र सिरपला जातं. माझ्या दवाखान्यात आया पिशवीतून अशाच बाटल्या काढतात. लेबल पुसलेलं, झाकण चिकट, मात्रा अंदाजपंचे. मला फार काळजी वाटते.

आणि ओआरएसला नुसतं पाणी म्हणू नका. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून कॉलराच्या रुग्णांना पाजलं. असंख्य जीव वाचले. आतडं आजारी असलं तरी ग्लुकोजबरोबर मीठ शोषलं जातं आणि त्यामागोमाग पाणी.

मोठं पाकीट असेल तर ते अख्खं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. बाळाला दर एक-दोन मिनिटांनी चमचा-चमचा पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश पुन्हा सुरू करा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. ओआरएससारखी दिसणारी खोक्यातली गोड पेयं नकोत, जास्त साखरेनं जुलाब वाढतात. अंगावरचं दूध, मऊ वरणभात चालू ठेवा. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवू नका. जोडीला जिंकची गोळी, या वयाला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पुरे १४ दिवस. आशाताईंकडे दोन्ही मिळतं.

शीमध्ये रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. तिथं अँटिबायोटिक लागतं आणि मीही देते, पण बाळाचं वजन करून. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोर मलूल पडलं किंवा चमचाही घेईना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा, आणि वाटेतही ओआरएस पाजायचा प्रयत्न सोडू नका.